आठ-एकोणचाळीस की अकरा-त्रेचाळीस

११ फेब्रुवारी

आज जुनं इंजिन गाडीतून बाहेर निघालं. साखळीला लटकलेलं ते डिझेलचं धूड बराच वेळ स्वतःभोवती सावकाश फिरत राहिलं आणि मिस्त्री मान वर करून त्याच्याकडे बघत उभे राहिले. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. मी तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि वहीत मिस्त्री लिहिते, म्हणजे तक्रार जरा मोकळेपणाने करता येते.

तक्रार एकच आहे. ती पहिल्याच पानावर लिहून टाकते. हा माणूस माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, अबोला नाही, नुसतं बोलणं नाही. काही विचारलं की हसतात, मान हलवतात आणि मागच्या शेडमध्ये निघून जातात. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी गॅरेजचं शटर उघडलंच नाही. ‘कंटाळा आला,’ एवढंच म्हणाले. मी तेव्हा नोकरीत होते, दिवसभर बाहेर. पाच महिन्यांपूर्वी मोजणी कार्यालयातून निवृत्त झाले आणि तेव्हा कळलं की घरात किती शांतता साठली आहे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरवलं होतं, दोघं मोकळे झालो की ह्याच गाडीतून किनाऱ्याचा रस्ता संपेपर्यंत जायचं. जाताना सहाशे बारा किलोमीटर. मागची सीट आडवी केली की दोघांना झोपता येतं, एवढी मोठी गाडी आहे. इंजिन तेवढं मेलं. आता एका मोडीतल्या गाडीचं छोटं पेट्रोल इंजिन बसवायचं चाललंय. मार्चअखेर गाडी तयार होईल. मी ताईला तेवढीच मुदत सांगितली आहे. तिच्याकडची वरची खोली रिकामी आहे आणि ती म्हणते, कायमची ये. प्रवासात बोलणं झालं तर मी इथली, नाही झालं तर ताईकडची. मिस्त्रींना ह्यातलं काही माहीत नाही. विचारलं कुठे त्यांनी?

१४ फेब्रुवारी

सकाळी मागचा टायर मोजला. टायरला खालच्या बाजूला खडूची रेघ, तिथेच जमिनीवर एक रेघ. मग गाडी ढकलायची, टायरची रेघ पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये टेप धरली. एक मीटर पंचाण्णव सेंटिमीटर. चाक एकदा फिरलं की गाडी इतकी पुढे जाते. तीस वर्षं दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींचे आकडे कागदावर जुळवले, स्वतः जमिनीवर बसून मोजायची मजा आज आली.

मग बसल्या बसल्या काढलं, किनाऱ्याचा रस्ता संपेपर्यंत हे चाक तीन लाख तेरा हजार आठशे सेहेचाळीस वेळा फिरेल. हा आकडा मला फार आवडला. दुपारी पडल्या पडल्या डोळे मिटले तर चाकच दिसायला लागलं, पांढरी रेघ खाली जाते, वर येते, खाली जाते, आणि बाजूला पाणी.

टायरवाला आला होता. हा मिस्त्रींचा जुना दोस्त, आवाज एवढा खोल की रिकाम्या पिंपातून आल्यासारखा वाटतो. मिस्त्री गाडीखाली आडवे होते. टायरवाला दारातूनच पुटपुटला, “पाना दिसत नाही रे माझा.” गाडीखालून लगेच उत्तर, “तूच नेलास परवा.” मी मात्र तिथेच उभी राहून तीनदा विचारलं की चहा आणू का. तीनदा. एकदाही उत्तर नाही. टायरवाल्यानेच शेवटी म्हटलं, “वहिनी, आणा हो, ह्याला काय विचारताय.” मी हसले. आत जाऊन रडले.

१५ फेब्रुवारी

किटली जळली. शिट्टी वाजत होती ती मी गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकली, खाली येईपर्यंत पाणी आटून बूड काळं. मिस्त्री शेजारीच खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले! “अहो, निदान गॅस तरी बंद करायचा!” तर किटलीकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच आकाशातून पडली. एवढा आळस माणसाला कुठून येतो?

२० फेब्रुवारी

आज वाद झाला. म्हणजे मी वाद घातला.

गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये दोन दातेरी चाकं असतात, एक लहान, एक मोठं. जुनी जोडी अकरा आणि त्रेचाळीस दातांची. म्हणजे गाडीचं चाक एकदा फिरायला इंजिनाला जवळजवळ चार फेरे मारावे लागतात. मिस्त्रींनी भंगारातून दुसरी जोडी आणली आहे, आठ आणि एकोणचाळीस. तिच्यात जवळजवळ पाच फेरे. नवं इंजिन लहान, त्याला ताकद नाही, गाडी जड, त्यामुळे पाच फेरे दिले तर चढ सोपा जाईल असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नाही ते. पण सपाटीला तेच इंजिन बिचारं धापा टाकत पळणार.

मी कागद मांडला. वरच्या गिअरमध्ये ताशी ऐंशीला आठ-एकोणचाळीस लावलं तर इंजिन मिनिटाला तीन हजार तीनशे तेहतीस फेरे घेणार. अकरा-त्रेचाळीस ठेवलं तर दोन हजार सहाशे त्र्याहत्तर. किनाऱ्याच्या अख्ख्या रस्त्याची चढ-उताराची रेघही मी काढून आणली आहे. सहाशे बारापैकी चढ फक्त नऊ किलोमीटर. बाकी सगळं तळहातासारखं सपाट.

“नऊ किलोमीटरसाठी सहाशे किलोमीटर कानठळ्या कशाला?” मी म्हटलं. मुद्दाम सावकाश म्हटलं, कागदावर बोट ठेवून. त्यांनी कागद वाचला. खूप वेळ वाचला. मग म्हणाले, “आवाज नाही होत त्याने काही.”

झालं. तीस वर्षांचं माझं गणित तिथेच मिटलं. टायर मोठे घातले तरी फेरे थोडे कमी होतील, हे मी मागून बोलले ते शेडच्या पत्र्यांनी ऐकलं असेल.

२६ फेब्रुवारी

ताईचा फोन. “छोटे, तू त्या माणसाचं तोंड किती दिवस बघत बसणार आहेस? खोलीला रंग देऊन घेतलाय मी.” कोणता रंग, विचारलं. फिकट निळा म्हणाली. फोन ठेवल्यावर मी त्या फिकट निळ्या खोलीत बराच वेळ बसून आले, इथे स्वयंपाकघरात उभी राहूनच. खिडकीतून काय दिसतं ते मात्र मला ठरवता येईना.

२ मार्च

दुपारी जेवणं झाल्यावर शेडमध्ये जाऊन गाडीत बसते हल्ली. इंजिन नाही, मागची चाकं नाहीत, गाडी चार ठोकळ्यांवर उभी. काचेतून बाग दिसते. बसलं की गाडी हळूहळू चालायला लागते. हे लिहायला जरा लाज वाटते, पण वही माझीच आहे. झाडं मागे सरकतात, कुंपण मागे सरकतं, आणि मी बडबडत असते. कार्यालयातल्या गोष्टी, लहानपणी विहिरीत पडलेली माझी चप्पल, वाटेल ते. बाजूच्या सीटवरून हुंकार येत असतो.

आज खरंच मिस्त्री बाजूला येऊन बसले. मी गप्प झाले. बागेत पाखरांचा नुसता कल्ला चालला होता, एकेका फांदीवर दहा-दहा. मिस्त्री काचेतून बघत होते. म्हणाले, “ह्या वर्षी पाखरं आली नाहीत वाटतं.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. समोर झाड पाखरांनी भरलंय आणि ह्यांचं लक्ष कुठल्या दुनियेत! मन उडालेल्या माणसाला बायकोच काय, पाखरंही दिसत नाहीत. पानांआड असतील म्हणा. पण ऐकायला तरी येतात की.

९ मार्च

आज आठ-एकोणचाळीसची जोडी ॲक्सलमध्ये बसली. हे काम मी कितीदा पाहिलंय. दोन्ही चाकांचे दात एकमेकांत किती खोल बसवायचे ते केसाएवढ्या जाडीच्या वायसरांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी ठरतं. बाकीचे लोक त्याला मापाचं घड्याळ लावतात. मिस्त्री लावत नाहीत. दार बंद करायचं, पंखा बंद करायचा, चाक हाताने मागेपुढे हलवायचं आणि दातांची टिकटिक ऐकायची. आमच्या गॅरेजचं नाव झालं ते ह्या टिकटिकीवर. लांबून लोक गाड्या आणायचे.

आज फार वेळ लागला. तीनदा वायसर बदलले. कान अगदी लोखंडाला टेकवला होता, डोळे मिटलेले. मी दारात उभी होते, माझ्याकडे लक्ष नव्हतं. एकदम मला त्यांची माया आली. कसली ते कळेना. शेवटी उठले, हात पुसले आणि म्हणाले, “बसलं.” माझ्याकडे न बघता म्हणाले.

१७ मार्च

गाडी चालली!

पहिला किलोमीटर मी लहान पोरीसारखी खिडकीला चिकटून बसले होते. तलावाच्या सरळ रस्त्याला लागलो, वरचा गिअर पडला आणि मागून शिट्टी सुरू झाली. बारीक, धारदार, दातात कळ जावी अशी. वेग वाढला तसा तिचा सूर वर वर चढत गेला. काटा शंभर दाखवत होता. त्याला अजून जुन्या दातांचाच हिशेब ठाऊक आहे, खरे ऐंशीच होते. मी दोन्ही हातांनी कान झाकले.

मिस्त्रींचा चेहरा शांत. इतका शांत चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. स्टिअरिंगवर बोटं नुसती टेकलेली. “बघ,” म्हणाले, “पाण्यावरून चाललोय.”

मी ओरडून म्हटलं, “थांबवा! कान फुटतील माझे!” त्यांनी हसून मान हलवली.

आता सगळं लख्ख कळलं मला. एवढा मुरलेला कारागीर, त्याला ही शिट्टी ऐकू येत नाही? येते. मुद्दामच ठेवली आहे. सहाशे बारा किलोमीटर बायकोशी बोलायला लागू नये म्हणून माणूस ॲक्सलमध्ये भिंत बांधतो. मी एवढं गणित केलं, हा एक आकडा तेवढा धरायचा राहिला.

१८ मार्च

ताईला हो म्हटलं. एकवीस तारखेची सकाळची बस. दुपारभर आवराआवर केली. मिस्त्री शेडमध्येच होते. त्यांना कसं सांगायचं ते सुचत नाही. निघताना सांगेन. ऐकतील न ऐकल्यासारखं करून.

२१ मार्च

बस गेली. मी गेले नाही. नीट लिहून काढते, म्हणजे मलाही समजेल.

सकाळी टायरवाला मोठे टायर घेऊन आला. मिस्त्रींनीच मागवले होते म्हणे. माझ्या कागदावर मी मोठ्या टायरचा आकडा लिहिला होता, दोन मीटर दहा, तो त्यांनी त्याला दिला होता. मला काही बोलले नव्हते. टायरवाला म्हणाला, “आधी जुन्यावर एक चक्कर मारू. वहिनी, चला.” बसला अजून दोन तास होते. शेवटची चक्कर म्हणून बसले मागे.

तलावाच्या रस्त्याला शिट्टी सुरू झाली. टायरवाल्याने दोन मिनिटं कळ काढली आणि मग त्या पिंपातल्या आवाजात ओरडला, “अरे किंचाळतंय की हे! पाखरासारखं किंचाळतंय! दात घट्ट बसलेत तुझे. तुला ऐकू येत नाही का?”

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून. मग स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. टायरवाला खाली उतरून तलावाकडे तोंड करून उभा राहिला.

घरी येईपर्यंत तेहतीसच्या वर काटा गेला नाही. मी बसस्टँडवर गेले नाही, कारण त्या चेहऱ्याला सोडून जाववेना. एवढं का मनाला लागलं त्यांच्या? दोस्ताने कामात चूक काढली म्हणून? मी चूक काढली तेव्हा हसून मान हलवली होती.

२२ मार्च

मिस्त्रींनी ॲक्सल परत उघडला. मला म्हणाले, “तू इथे बस.” स्टूल दिलं. आठ-एकोणचाळीस काढून जुनी जोडी बसवायला घेतली. चाक हाताने हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. “आहे टिकटिक? बारीक आहे की जाड?” बारीक, मी सांगायची. वायसर घालायचे. “आता?” आता जाड. “आता?”

आता नाहीच, मी हाताने खूण केली. हात वर केला की ते थांबत. हळूहळू मी बोलणं सोडूनच दिलं, हातानेच चाललं. सलग तासभर कुणी माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं कधी. मला वाटलं, चला, निदान कामात तरी माझं मत विचारायला लागले.

दात जागेवर बसले तसे पाना खाली ठेवला. वायसरांची डबी बंद केली. तिचं झाकण दाबत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “बारीक आवाज मला येत नाहीत. अडीच वर्षं झाली. आधी घड्याळाचा गजर गेला. मग पाखरं गेली.” डबी बाजूला सरकवून म्हणाले, “मग तुझा आवाज. टायरवाल्याचा येतो. सगळ्या बाप्यांचा येतो. तुझाच येत नाही गं. तू बोलतेस, ओठ हलतात, मधले मधले शब्द पोचतात. काय बोललीस ते कळत नाही. परत परत काय विचारायचं म्हणून हसतो.”

“मला सांगायचं तरी!”

“मिस्त्रीचा कान गेला म्हटल्यावर मिस्त्री काय राहिला? शटर बंद केलं. म्हटलं, घरात तरी मिस्त्री राहू.”

मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि वाटेल ते बोलले. किती शब्द पोचले कोण जाणे. पोचोत न पोचोत.

२८ मार्च

कानाच्या डॉक्टरीण बाईंनी तासभर तपासलं आणि प्रत्येक कानाची एक रेघ कागदावर काढून दिली. मिस्त्रींना ती बघवेना. मला मात्र बघताक्षणी वाचता आली. आयुष्यभर असल्याच रेघा वाचल्या मी. जाड आवाजांपर्यंत सपाटी, मग एकदम उतार. डावा कान लवकर उतरतो. उजव्याला अजून बराच पल्ला सपाट आहे. यंत्र लावलं तर उतार थोडा भरून येईल, बाई म्हणाल्या, पण दोन महिने थांबावं लागेल.

“आणि सावकाश, खालच्या सुरात, उजव्या बाजूने बोला,” हे त्यांनी मला सांगितलं.

परत येताना गाडीत मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते आणि एकदम लक्षात आलं. इतकी वर्षं मी त्यांच्या डाव्या कानात बोलते आहे. चालवणारा उजवीकडे बसतो. म्हणजे उजव्या कानाशी यायचं तर गाडी मीच चालवली पाहिजे.

३१ मार्च

गणित नव्याने. वीस वर्षं मी स्टिअरिंग धरलेलं नाही. नुसतं अकरा-त्रेचाळीस आणि मोठा टायर म्हणजे सपाटीला स्वर्ग, पण गाडी जागची हलवताना माझ्या हातून दर चौकात बंद पडणार. आठ-एकोणचाळीस म्हणजे हलवायला लोणी, पण इंजिनाच्या आवाजात बोलणं बंद. मिस्त्री म्हणाले, “दात जुनेच ठेव, टायर लहान कर.” टायरवाल्याकडून लहान टायर आणले, खडूने मोजले. एक मीटर ब्याऐंशी. ऐंशीला दोन हजार आठशे चौसष्ट फेरे.

टायरवाल्याने मोठे टायर परत स्वतःच्या गाडीत चढवताना एवढंच विचारलं, “वहिनी, नक्की ह्याला गप्पा ऐकायच्यात ना? नाहीतर तो आधीचा किंचाळणारा सेटच बरा होता.”

ताईला कळवलं. ती चिडली, मग रडली, मग म्हणाली रंग वाया गेला.

६ एप्रिल

आज चढावर तीन वेळा गाडी बंद पाडली. चौथ्यांदा मिस्त्रींनी माझा हात गिअरवर दाबून धरला आणि म्हणाले, “हातात ऐक.” खरंच, दांड्यातून सगळं कळतं. हे अडीच वर्षं असंच ऐकत होते तर.

१४ एप्रिल

किनाऱ्याचा रस्ता. दोनशे दहा किलोमीटर झाले. गाडी एका वळणावर उभी केली आहे, समोर पाणी आहे, ऊन उतरतंय आणि मिस्त्री मागची सीट आडवी करताहेत. वही मांडीवर.

सकाळपासून मी चालवते आहे. काटा शहाऐंशी दाखवतो तेव्हा खरे ऐंशी असतात, लहान टायरचा गुण. इंजिन खालच्या सुरात गुणगुणत राहतं. पहिले शंभर किलोमीटर मी सगळं बोलून घेतलं, विहिरीतल्या चपलेपर्यंत. ते मध्येच विचारत होते, “मग? काढली का कुणी?” पाणी बाजूने चालत होतं, रस्ता असा मऊ होता की आपण जागे आहोत की नाही अशी शंका यावी.

मग जे सांगायचंच राहिलं होतं ते सांगितलं. समोर बघत, सावकाश, खालच्या सुरात. “मी ताईकडे जाणार होते. कायमची. एकवीस तारखेला.”

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं पोचलं नाही. परत म्हणण्यासाठी तोंड उघडलं तर म्हणाले, “माहीत आहे. तुझ्या बाजूचं कपाट रिकामं झालं होतं.”

“मग विचारलं का नाही मला?”

“वाटलं, तू सांगितलं असशील,” मिस्त्री म्हणाले. “मलाच ऐकू आलं नसेल.”

पुढचा रस्ता मला दिसेना. मी गाडी कडेला घेतली.